गाणारा गप का?

पावसाळ्यातली दुपार. माढ्याच्या घरात अण्णा सुपारी कातरत बसले होते आणि शेजारी मी लॅपटॉपवर एक फ्रेंच सिनेमा लावला होता. पात्रिस लकोंतचा, २००२ सालचा. नावाचा अर्थ ‘गाडीनं आलेला माणूस’. चामडी जाकीट घातलेला एक दरोडेखोर लहानशा गावाच्या स्टेशनावर उतरतो आणि एका म्हाताऱ्या मास्तराच्या घरी मुक्काम टाकतो. खालच्या इंग्रजी ओळी मी अण्णांना मराठीत सांगत होतो, मागच्या रांगेतल्या टाळकऱ्यासारखा, नेहमी अर्धा ठेका उशिरा. “हा जॉनी हॅलिडे,” मी कौतुकानं म्हणालो, “फ्रान्समधला सगळ्यात मोठा रॉक गायक.” अण्णांचा अडकित्ता थांबला. “गाणारा हाय म्हणतोस, मग ह्यो गप का?”

खरंच की. स्टेडियम दणाणून सोडणारा हा माणूस इथं मोजकं बोलतो, तेही उधारीचं असल्यासारखं. मी वकिली सुरू केली. १९६०मध्ये याची पहिली तबकडी आली. अमेरिकी चालींवर यानं फ्रेंच शब्द बसवले. आपल्या नाटक कंपन्यांनी तरी वेगळं काय केलं? कुठकुठल्या चाली आणून त्यांना मराठी लुगडं नेसवलंच की! डिसेंबर २०१७मध्ये तो गेला, तेव्हा पॅरिसच्या शाँझेलिझेवर लाखो माणसं जमली, शेकडो मोटारसायकली अंत्ययात्रेत चालल्या. आणि फ्रेंच न बोलणाऱ्या मुलखात त्याचं नाव फारसं कुणाला ठाऊक नाही. कीर्तीचंही पाटाच्या पाण्यासारखंच असतं. भाषेच्या बांधापाशी ती मुकाट वळते.

“मग आमचा शाहीर अमर शेख?” अण्णा म्हणाले. आमचा म्हणजे बार्शीचा. पण कुर्डुवाडीहून बार्शीला जाणारी ती छोटी गाडी १८९७पासून आमच्या तालुक्यातूनच सुटायची, तेव्हा एवढा हक्क चालतो. मूळचे मेहबूब पटेल. मोटारीवर क्लीनर, मग गिरणी, मग अण्णा भाऊ साठे आणि गवाणकरांबरोबर लाल बावटा कलापथक. संयुक्त महाराष्ट्राच्या दिवसांत त्यांना ऐकलं, तेव्हा आमचे अण्णा दहा वर्षांचे होते, वडिलांच्या खांद्यावर. शब्द आठवत नाहीत म्हणतात. आवाजानं वडिलांचा खांदा थरथरला, तेवढं आठवतं.

पुढं १९६१मध्ये ‘प्रपंच’ आला, कुंभाराच्या घराची गोष्ट. त्यात अमर शेख आहेत कळल्यावर अण्णा टुरिंग टॉकीजच्या तंबूत पुढच्या मातीत जाऊन बसले आणि हा आता डफ उचलेल, मग उचलेल, म्हणून शेवटपर्यंत वाट बघत राहिले. त्या सिनेमातलं घरोघरी पोचलेलं गाणं सुधीर फडक्यांच्या आवाजातलं. म्हणजे आजचा सवाल साठ वर्षांपूर्वीचाच होता. जॉनी बिचारा आयता सापडला.

पडद्यावर दरोडेखोरानं मास्तराकडे सपाता मागितल्या. जन्मात कधी घातल्या नव्हत्या म्हणे. सपाता घालून तो जपून पावलं टाकू लागला. अण्णा खुदकन हसले. तिकडे मास्तर त्याचं जाकीट चढवून आरशापुढे उभा.

संध्याकाळी मी पाणी प्यायला उठलो. माजघरात अण्णा, अंगात माझं मोटारसायकलचं जाकीट, बाह्या बोटांच्याही खाली आलेल्या. डावा हात कानाशी, उजवा वर, तोंड उघडं. आवाज काहीच नव्हता. मी तांब्या न वाजवता तसाच मागं फिरलो.