फोन तिचा, मुठीत कुणाच्या?

‘हल्लीची पोरं मोबाइलमध्ये बुडालीत.’ टपरीपासून पालकसभेपर्यंत सगळीकडे हेच ऐकू येतं. कुठली पोरं, हे मात्र कुणी विचारत नाही.

‘प्रथम’ या संस्थेच्या ‘असर २०२३’ पाहणीने विचारलं. ग्रामीण भारतातल्या २८ जिल्ह्यांत, १४ ते १८ वयाच्या मुलामुलींना. स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी ४३.७ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता. मुलींपैकी?

१९.८ टक्के.

दादाचा फोन दादाचा. ताईचा फोन घराचा.

घराचा म्हणजे काय? पप्पा बाहेर पडले की क्लासची लिंक त्यांच्याबरोबर गेली. भावाचा गेम रंगला की नोट्स थांबल्या. मेसेज कुणीही उघडून वाचावेत. आणि एवढं करून ‘सारखी फोनवर असते’ हे ऐकायचं तिनेच.

त्याच पाहणीत स्मार्टफोन वापरता येणारी नव्वद टक्के मुलंमुली आदल्या आठवड्यात सोशल मीडियावर जाऊन आलेली. त्यातल्या जेमतेम निम्म्यांना सुरक्षेच्या सेटिंग्ज माहीत. प्रोफाइल लॉक कसं करायचं, त्रास देणाऱ्याला ब्लॉक कसं करायचं, हे शिकवायचं कुणी? शाळा म्हणते, घराने. घर म्हणतं, फोनच नको.

उद्या कुणी तिचा फोटो मॉर्फ करून धमकावलं, तर ती घरी सांगेल? सांगितलं की पहिली शिक्षा तिलाच. फोन बंद. कधी कॉलेजही बंद. धमकावणाऱ्याचा नेटपॅक चालूच.

म्हणून ती गप्प बसते. आपण याला वळण म्हणतो. धमकावणारा याला संधी म्हणतो.

सायबर गुन्ह्यांसाठी १९३० ही हेल्पलाइन आहे. महिला आणि मुलांविरुद्धच्या अशा गुन्ह्यांची तक्रार केंद्राच्या पोर्टलवर नाव न सांगताही करता येते. किती घरांत हे मुलींना सांगितलंय?

शिस्त हवीच. पण ती सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांच्या वडगावसारखी हवी. २०२२ मध्ये या गावाने ठरवलं, संध्याकाळी सातचा भोंगा झाला की दीड तास टीव्ही, मोबाइल बंद. पोरांचा अभ्यास सुरू, मोठ्यांच्या मालिकाही बंद. नियम सगळ्या घराला.

एकट्या मुलीला लावला, तर तो नियम नसतो. पहारा असतो.

अडचणीत सापडल्यावर मुलीने पहिला फोन तुम्हालाच करावा, असं वाटतं ना? मग तो तिच्या हातात राहू द्या.