रा. रा. स्लीप मोड यांस

मु. पो. पॉवर सेटिंग्ज

सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, आज सकाळी पुन्हा आपली नोटीस मिळाली. एका संगणकावर आपण लिहिता, डिस्क व्यवस्थित इजेक्ट केली नाही. दुसऱ्यावर लिहिता, ड्राइव्हमध्ये बिघाड आहे, तपासून घ्या. भाषा वेगळी, रोख एकच: घरमालकाने वायर उपटली. साहेब, घरमालक रात्रभर घोरत होता. वायर जागच्या जागी होती. वीज कोणी तोडली, ते आपण जाणता.

आता दिवसाची गोष्ट घ्या. भरदुपारी मी सभ्य माणसासारखा टास्कबारच्या कोपऱ्यातल्या त्या चिमुकल्या चिन्हावर जाऊन डिस्क काढण्याची परवानगी मागतो. उत्तर येतं: उपकरण वापरात आहे, प्रोग्रॅम बंद करून पुन्हा प्रयत्न करा. कोणता प्रोग्रॅम? ते गुपित. सगळ्या खिडक्या मिटल्या तरी डिस्क वापरातच. म्हणजे दिवसाढवळ्या अर्ज केला तर नामंजूर, आणि रात्री आपण कोणाला न विचारता पोर्टाचा पुरवठा तोडणार, वर ठपका आमच्यावर. चोराच्या उलट्या बोंबा! ते खातं आपलं नाही, असं आपण म्हणाल. खातं वेगळं असेल, कचेरी तीच आहे.

त्या बाहेरून जोडलेल्या डिस्कच्या डबीत काय गुदरतं, हे आपण कधी पाहिलं आहे का? आत चकत्या मिनिटाला 5400 फेरे घेत असतात आणि त्यांच्यावर, केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी कमी अंतर राखून, हेड तरंगत असतं. पुरवठा अचानक गेला की बिचारी डिस्क चकत्यांच्या उरलेल्या वेगातूनच थोडी वीज काढते आणि तेवढ्या बळावर हेड ओढून बाजूला घेते. खट्! ही आणीबाणी ती मुकाट्याने नोंदवूनही ठेवते. बहुतेक डिस्कच्या आरोग्यपत्रिकेत, म्हणजे 'स्मार्ट' नोंदींत, 192 क्रमांकाचा रकाना त्यासाठीच असतो. आपल्या नोटिशीला माझं उत्तर म्हणून तो रकाना सोबत जोडला असं समजावं.

झोपण्याआधी आपण 'आवरून घे' असा निरोप धाडता, हे मला मान्य आहे. पण तो आधी पोचतो सॅटा आणि यूएसबीच्या मधल्या चिपपाशी, आणि काही डब्यांत तिथेच राहतो. 1996 च्या एसीपीआय मानकाने आपल्याला झोपेच्या पायऱ्या आखून दिल्या. एस-3 म्हणजे रॅमपुरती वीज राखून डुलकी, एस-4 म्हणजे सगळं डिस्कवर उतरवून गाढ झोप. एवढी शिस्त अंगी असताना निरोप पोचला की नाही, एवढं विचारायला काय जातं?

आणि या साऱ्या उपद्व्यापातून वाचतं काय? यूएसबी 3.0 च्या साध्या पोर्टातून नियमाने मिळतात पाच व्होल्टला 900 मिलिअँपिअर, म्हणजे जास्तीत जास्त साडेचार वॅट. देवघरातला जुना झिरोचा बल्ब याहून जास्त खातो. प्रवासात, बॅटरीवर असताना आपली काटकसर शिरसावंद्य. पण भिंतीतल्या प्लगला जोडलेल्या संगणकावर हा कंजूषपणा कोणासाठी?

मी माझ्या परीने उपाय केले आहेत. यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद. हार्ड डिस्क थांबवण्याची 20 मिनिटांची मुदत काढून तिथे 'नेव्हर'. डिव्हाइस मॅनेजरमध्ये रूट हबच्या प्रॉपर्टीजमधली, वीज वाचवायला हे उपकरण बंद करण्याची मुभा देणारी खूणही काढली. मात्र हे सगळे कायदे संगणक जागा असेपर्यंतचे. आपण स्वतः पडी टाकलीत की ते धाब्यावर. मग उरतात दोनच मार्ग: रोज रात्री आठवणीने डिस्क इजेक्ट करायची (वापरात नसेल तर!), नाहीतर संगणकाला रात्रभर जागं ठेवायचं. म्हणजे आपली झोप सुखाची व्हावी म्हणून पहारा आम्ही द्यायचा.

कळावे. लोभ दिवसा असावा.

आपला,
एक खातेदार

प्रत माहितीसाठी: डबीतली चिप. आपला टायमर संगणकाला न विचारता स्वतंत्र चालतो, 'नेव्हर'लाही जुमानत नाही आणि फाइल सेव्ह करायला जावं तर डिस्क फिरू लागेपर्यंत अख्खी खिडकी गोठते. आपल्याला वेगळं पत्र पाठवत आहे.