कोरड्या बंदराची होडी

जालन्याला बंदर नाही असं आता कुणी म्हणू नये. 2015 च्या डिसेंबरात आमच्याकडे रीतसर भूमिपूजन झालंय. ड्रायपोर्टचं. म्हणजे कस्टम, कंटेनर, रेल्वेचे रूळ सगळं इथे. पाणी तेवढं उरणला. 2013 चा उन्हाळा टँकरमागे घागरी घेऊन पळत काढलेल्या गावाला बिनपाण्याच्या बंदराचं काही वाटलं नाही. वाटलं ते आमच्या मेहुण्याला. "दाजी, बंदर आलं. होडी नको का?"

होडी शिडाचीच हवी. डिझेलला पैसे पडतात, वारा फुकट. शिवाय दिलीप दोंदे गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई'तून एकट्याने पृथ्वीला वळसा घालून 2010 साली परत आले. आपण निदान शेततळ्याला घालू. आमच्या बजेटात म्हादेईचे दोरही बसले नसते, म्हणून 'ऑप्टिमिस्ट' नावाची जात ठरली. लांबी सात फूट नऊ इंच, वजन 35 किलो, शीड एकच. क्लार्क मिल्स नावाच्या होडीवाल्याने 1947 मध्ये फ्लोरिडात ती पोरांसाठी आखली, पन्नास डॉलरच्या आत बसावी म्हणून. अजूनही तिच्या शर्यतीत पंधरा वर्षांपर्यंतचीच पोरं उतरतात. मी त्रेपन्न वर्षांचा. पण ऑप्टिमिस्ट म्हणजे आशावादी, आणि मराठवाड्यात होडी घेणाऱ्याला दुसरं नाव शोभलंही नसतं.

जुनी होडी मुंबईत मिळाली. मेहुण्याने ती बाजारात बैल बघावा तशी बघितली. तळ बोटांनी ठोकला. बद्द आवाज आला तर फायबरच्या पोटात पाणी मुरलेलं असतं. शीड उन्हात धरून विरलंय का ते पाहिलं, डोलकाठीला डोळा लावला, सुकाणूचे बिजागर हलवले. दात तेवढे बघायचे राहिले. "गळत नाही, एवढं लिहून देतो," मालक म्हणाला. सळई उतरवून रिकामा परतणारा ट्रक गाठला आणि होडी ताडपत्रीखाली चारशे किलोमीटर जमिनीवरून आली.

गल्लीत पहिला प्रश्न आला तो सळईच्या जालन्याला शोभणारा : "किलोला काय पडली?" फायबरची आहे म्हटल्यावर चेहरे पडले. लोखंडाची असती तर बुडाली तरी भट्टीला गेली असती, भंगाराचा भाव आला असता. आता ही मेल्यावरसुद्धा उपयोगाची नाही. काही जण तर भेटायला आल्यासारखे चहा घेऊन गेले.

पाणी सापडलं ते मेहुण्याच्या मित्राच्या शेततळ्यात. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद, सरकारी मापाचं. शीड वाऱ्याने फुगेपर्यंत पलीकडचा काठ येतो. मग उतरायचं, होडी फिरवायची, पुन्हा बसायचं. तेही जमलं असतं. पण शिडाची होडी आडवी सरकू नये म्हणून तिच्या पोटातून एक फळी खाली सोडावी लागते. ती फळी बघून मित्र काठावरून ओरडत आला. "तळाची पन्नी फाटली तर मोसंबीला पाणी कुठून आणू? तुमच्या बंदरातून?" फळीशिवाय होडी खेकड्यासारखी चालली आणि तारेच्या कुंपणाखाली जाऊन थांबली. माझा दर्यावर्दी काळ सव्वा मिनिटाचा.

शीड आता सोयाबीनवर अंथरलं जातं. ताडपत्रीपेक्षा हलकं, आणि नंबर असल्याने चोरीला जात नाही. डोलकाठीवर पापड-कुरडयांची साडी वाळते. होडी अंगणात, नळाखाली. पाणी येतं त्या दिवशी बायको ती काठोकाठ भरून घेते, दोन पिंपांचं पाणी सहज मावतं.

परवा मालकाचा मुंबईहून फोन आला, होडी कशी आहे म्हणून.

"शब्दाला जागलात," मी म्हटलं. "आठ दिवस झाले, थेंब गळला नाही."