कागदविरहित रुग्णालयास लागणाऱ्या कागदांविषयी

प्रति,
माननीय अध्यक्ष,
इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंद अंमलबजावणी समिती

विषय : रुग्णालय शंभर टक्के कागदविरहित झाल्याबद्दल अभिनंदन व कोऱ्या नोंदवह्यांची मागणी

महोदय,

रुग्णालय कागदविरहित झाल्याचे परिपत्रक समितीने छापून वॉर्डावॉर्डांत वाटले आणि ते मिळाल्याच्या सह्या आवक नोंदवहीत घेतल्या, याबद्दल समितीचे अभिनंदन करावे तेवढे थोडेच आहे. रुग्णाचा पूर्वेतिहास, तपासण्या, निदान आणि औषधयोजना उपचार करणाऱ्या सर्वांना आपापल्या अधिकारानुसार एकाच ठिकाणी पाहता यावी, यासाठी इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंद असते. समितीने मात्र जुनी एकही वही बंद न करता या नोंदीला शेवटच्या वहीचे स्थान दिले आहे.

त्यामुळे रात्रपाळीची परिचारिका तापमान, नाडी व रक्तदाब आधी तक्त्यावर लिहिते, मग संगणकात भरते आणि पाळी बदलताना तेच पुन्हा पाळी सोपवण्याच्या ‘ओव्हर’च्या वहीत उतरवते. संगणक वॉर्डाच्या टोकाला एकच असल्याने साऱ्या नोंदी पहाटे एकदम भरल्या जातात, आणि पडद्यावर दिसणारी वेळ रुग्ण तपासल्याची नसून परिचारिकेला खुर्ची मिळाल्याची असते. तासाभराचे प्रशिक्षण, रेंगाळणारा सर्व्हर आणि अख्ख्या वॉर्डात मिळून वापरला जाणारा एकच पासवर्ड यांची तक्रार येथे मुद्दाम केलेली नाही.

परिपत्रक आले त्याच दिवशी एका रुग्णाच्या केसपेपरवर पेनिसिलिनची ॲलर्जी लाल शाईने लिहिलेली होती आणि पडद्यावर त्याच रकान्यात ‘निरंक’ होते, कारण तो रकाना भरल्याशिवाय पुढचे पान उघडत नाही. ज्या परिचारिकेने केसपेपर वाचून इंजेक्शन थांबवले, तिच्याकडूनच संगणकीय नोंद अपूर्ण ठेवल्याबद्दल खुलासा मागण्यात आला. येथे उपरोध पुरे झाला. दोन नोंदी एकमेकींविरुद्ध बोलू लागतात तेव्हा माणूस मरू शकतो, आणि त्याचा खुलासा परिचारिकेने नव्हे, समितीने द्यायला हवा.

कागद कायद्यासाठी ठेवावा लागतो, ही सबब टिकणारी नाही, कारण माहिती तंत्रज्ञान अधिनियम, 2000 च्या कलम 4 ने इलेक्ट्रॉनिक नोंदीला मान्यता दिली आहे आणि केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने अशा नोंदींची मानके 2013 मध्ये जाहीर करून 2016 मध्ये सुधारलीही आहेत. नोव्हेंबर 2022 मधील सायबर हल्ल्यानंतर दिल्लीच्या एम्सला कामकाज हाताने चालवावे लागले, त्यामुळे यंत्रणा बंद पडण्याची भीती मात्र खरी आहे. पण तिच्यावरचा उपाय म्हणजे नियमित बॅकअप आणि यंत्रणा बंद पडल्यास वापरायचे ठरावीक छापील नमुने, रोजचे दुहेरी लिखाण नव्हे.

अध्यक्षांची अडचणही समजण्यासारखी आहे. हे पद त्यांच्याकडे ओपीडी सांभाळून आलेले आहे, वरून विचारणा होते ती 14 अंकी आभा (आयुष्मान भारत आरोग्य खाते) क्रमांक किती रुग्णांच्या नोंदींना जोडले एवढीच, आणि वही बंद करण्याच्या आदेशावर सही केल्यावर एक जरी नोंद हरवली तरी चौकशी त्यांचीच होणार, हे त्यांना पक्के ठाऊक आहे. तरीही ती सही करण्याचा अधिकार परिचारिकेकडे नाही, त्यांच्याकडे आहे. तेव्हा कोणती वही कोणत्या तारखेपासून बंद होणार, याचा लेखी आदेश समितीने काढावा. तो निघेपर्यंत प्रत्येक वॉर्डास दोनशे पानी नोंदवह्या नियमित पुरवाव्यात, ही विनंती.

आपले विश्वासू,
सर्व वॉर्डांतील परिचारिका