दोनशे एकतीस वर्षांची बाटली

कुत्र्याचं वजन किलोत घ्यायचं, सहाने गुणायचं, दहा हजारांनी भागायचं. चौथीतलं पोरही करेल असलं गणित. मी इंजिनिअर असल्यामुळे मला एक्सेल लागलं.

अलाबामात घर घेतलं आणि शेजारच्या तात्यांनी आम्हाला ड्यूक दिला. तात्या हे नाव आमच्या घरापुरतं. गृहस्थ पक्के अमेरिकन, सत्तरी ओलांडलेले, पदरी अकरा शिकारी कुत्रे आणि चाळीसेक गाई. ड्यूक जातीने ट्रीइंग वॉकर कूनहाउंड. रात्री जंगलात रकूनचा माग काढायचा, त्याला झाडावर चढवायचं आणि खाली उभं राहून पंचक्रोशी जागी करायची, हा या मंडळींचा खानदानी धंदा. ड्यूक रकूनला घाबरतो. म्हणून तो आम्हाला फुकट मिळाला.

देताना तात्यांनी बजावलं, "हार्टवर्मचं औषध चुकवू नकोस." हा जंत डासामार्फत येतो. डास चावला की अळ्या कुत्र्याच्या अंगात शिरतात, सहा-सात महिन्यांत वाढतात आणि फुप्फुसाच्या धमन्यांत, हृदयात बिऱ्हाड थाटतात. मादी जवळजवळ फूटभर लांब होते, आणि मुक्काम पाच-सात वर्षांचा. एकदा हे भाडेकरू मोठे झाले की त्यांना काढायला आर्सेनिक असलेल्या औषधाची इंजेक्शनं पाठीत घ्यावी लागतात, आणि कुत्र्याचं धावणं काही महिने बंद. त्यापेक्षा दर महिन्याला एक गोळी बरी.

गोळी साधारण दहा डॉलरची. अकरा कुत्र्यांना ती तात्यांना परवडत नाही, म्हणून ते गाईंचंच एक टक्क्याचं आयव्हरमेक्टिन कुत्र्यांच्या तोंडात पिचकारतात. मात्रा अंदाजपंचे, वडिलोपार्जित. "औषध तेच आहे," तात्या म्हणाले. तेच आहे, हे खरं. जपानमधल्या एका गोल्फ मैदानाजवळच्या मातीत सापडलेल्या जिवाणूपासून ते निघालं. आधी गुरांना मिळालं, 1987 साली अमेरिकेत कुत्र्यांच्या गोळीत आलं आणि 2015 साली त्याच्या शोधाला नोबेल मिळालं. नोबेलवालं औषध, पन्नास मिली, पस्तीस डॉलर! माझ्यातला पुणेकर उठून बसला.

गोळीतली मात्रा किलोला सहा मायक्रोग्रॅम. ड्यूक तीस किलोचा, म्हणजे 180 मायक्रोग्रॅम. बाटलीत दर मिलीत दहा हजार मायक्रोग्रॅम. उत्तर : 0.018 मिली. या हिशोबाने एक बाटली 2777 महिने पुरणार होती, म्हणजे 231 वर्षं. खर्ड्याच्या लढाईच्या साली, 1795 मध्ये, कोणी ही बाटली फोडली असती तर ती आत्ता कुठे तळाला आली असती. मी बायकोला हा आकडा अभिमानाने सांगितला. ती म्हणाली, "बाटलीवर मुदत किती आहे?" दोन वर्षं होती. मी विषय बदलला.

अडचण अशी की 0.018 मिली म्हणजे थेंबभरसुद्धा नाही. सिरिंजवरची सगळ्यांत बारीक रेघ 0.01ची. मला हव्या असलेल्या जागेवर रेघच नव्हती. मग पाण्यात मिसळून पातळ करून पाहिलं. आयव्हरमेक्टिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, हे पेल्यातल्या दुधी ढगाकडे पाहून कळलं. शेवटी चष्मा कपाळावर चढवून, सिरिंज ट्यूबलाइटसमोर धरून, पठ्ठ्याने मात्रा घेतली, तुपातल्या पोळीच्या तुकड्यावर सोडली आणि ड्यूकने ती न चावता गिळली.

रात्री साडेबाराला अंथरुणात डोळे उघडले. मी 0.18 घेतलं होतं. दहापट.

लगेच मोबाइलवर वाचायला बसलो. कोली जातीच्या बऱ्याच कुत्र्यांमध्ये एका जनुकात दोष असतो, त्यामुळे हे औषध मेंदूत शिरतं. म्हणून पांढऱ्या पायांच्या कुत्र्याला ते देऊ नये, अशी तिकडे म्हणच आहे. मी टॉर्च मारला. ड्यूकचे चारही पाय पांढरेशुभ्र. जास्त मात्रेची लक्षणं : लाळ गळणं (उशीचा अभ्रा भिजलेला), तोल जाणं (हाक मारली तर फरशीवर घसरला), डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होणं (अंधारात बघितलं तर मोठ्या). ही तिन्ही लक्षणं त्याच्यात पहिल्या दिवसापासून होती, हे त्या क्षणी सुचलं नाही. आठवलं ते भलतंच. आमच्यापासून दीड-दोन तासांवर टस्कंबियाजवळ 1937 सालापासून कूनहाउंडांची खास दफनभूमी आहे. तिथे अस्सल कूनहाउंडच पुरतात. रकूनला घाबरणाऱ्याची अस्सल म्हणून साक्ष कोण देणार, या काळजीने मला घाम फुटला.

रात्री दोनला आम्ही तिघं जनावरांच्या तातडीच्या दवाखान्यात. तरुण डॉक्टरीणबाईंच्या हातात मी एक्सेलचा कागद ठेवला. त्यांनी तो शांतपणे वाचला. "गणित बरोबर आहे," त्या म्हणाल्या, "कागदावर." ड्यूकच्या पोटात किलोला साठ मायक्रोग्रॅम गेले होते. दोष असलेल्या कोलीलासुद्धा त्रास साधारण शंभरच्या पुढे होतो, आणि हा कोली नव्हताच. पांढरे पाय हा त्याचा गुन्हा नव्हे. मग त्यांनी विचारलं, "सुरू करण्याआधी हार्टवर्मची तपासणी केली होती ना?" आधीच जंत असलेल्या कुत्र्याच्या रक्तात पिल्लं फिरत असतात, ती औषधाने एकदम मेली तर कुत्रा आजारी पडू शकतो. माझ्या एक्सेलमध्ये तपासणीचा रकानाच नव्हता. ती तिथेच केली. निर्दोष. तीही काल-परवाच्या डासाची हमी देत नाही, कारण आतला जंत तपासणीत दिसायला सहाएक महिने लागतात.

बिल 412 डॉलर. एकेचाळीस गोळ्या.

परतताना बायको बोलली. ती भंडाऱ्याकडची. हत्तीरोगाचे जंतही डासानेच येतात, आणि विदर्भात त्यासाठी वाटल्या जाणाऱ्या गोळ्यांमध्ये हेच आयव्हरमेक्टिन असतं. "आमच्याकडे उंची मोजून गोळ्या देतात आणि समोर उभं राहून गिळायला लावतात," ती म्हणाली. "बाटली आणि सिरिंज हातात देऊन 'बघा जमतंय का' असं कोणी म्हणत नाही." मागच्या सीटवर ड्यूक घोरत होता.

तेव्हा मला दहा डॉलरचा हिशोब लागला. गोळीतल्या औषधाची किंमत जेमतेम सव्वा सेंट. दहा डॉलर दुसऱ्या कोणी दशांशचिन्ह योग्य जागी ठेवलं, त्याचे आहेत.

आता दर महिन्याच्या एक तारखेला ड्यूकला गोळी मिळते. बाटली मी तात्यांच्या गाईंना दिली. पाचशे किलोची गाय, दहा मिली औषध. तिथे दशांशचिन्ह लागतच नाही.