नंबरशास्त्री

इंग्लंडात एखाद्या पबात लोकसंगीताची बैठक जमली, की कोपऱ्यात एक तरी नंबरशास्त्री असतोच. वय साठीच्या पुढचं, कोटाच्या कोपरांना कातडी ठिगळं, वरच्या खिशात बारीक स्क्रूड्रायव्हर. कुणी कॉन्सर्टिना काढली, की बाकीची मंडळी ऐकायला सरसावून बसतात. हाही सरसावतो, पण वाजवणं कधी संपतंय याची वाट बघत. शेवटचा सूर विरायच्या आत याचा हात पुढे आलेला असतो. "वा, छान! नंबर काय हो हिचा?"

कॉन्सर्टिना हे दोन तळहातांत मावणारं षटकोनी वाद्य. मधे भाता, दोन्ही टोकांना बटणं, आत आपल्या पेटीसारख्याच रीड. ते काढलं सर चार्ल्स व्हीटस्टन यांनी. होय, तेच. बारावीच्या प्रयोगशाळेत ज्यांच्या नावाच्या ब्रिजनं आपला घाम काढला, तेच हे गृहस्थ. तो ब्रिज मुळात सॅम्युएल हंटर क्रिस्टी यांचा, पण नाव लागलं व्हीटस्टनचं. उलट व्हीटस्टननी शोधलेल्या गुप्त लिपीला नाव चिकटलं लॉर्ड प्लेफेअर यांचं. आता ज्याच्या मूळपुरुषाच्याच खात्यात नावांचा एवढा गोंधळ, त्या वाद्यावरच्या लेबलावर कोण विश्वास ठेवणार? शास्त्री तर मुळीच ठेवत नाही. व्हीटस्टन कंपनीचं नाव असलेली जुनी वाद्यं लुई लाशनाल या स्विस कारागिराच्या हाताखाली तयार झाली. क्रॅब यांच्या कारखान्यातून निघून भलत्याच दुकानदाराच्या नावानं खपलेली वाद्यंही पुष्कळ. म्हणून लेबल वाचून कुणी "ही अमक्याची" म्हणालं, की शास्त्री मंद हसतो. त्या हसण्यापुढं समोरच्याला आपल्या जन्मदाखल्याचीही शंका यायला लागते.

मग सुरू होते तपासणी. बटणं हाडाची की धातूची? भात्याला घड्या चार, पाच की सहा? घड्यांवरच्या कागदाची नक्षी कुठली? रीड पितळी की पोलादी? पत्ता काँड्युइट स्ट्रीटचा असेल तर एक काळ, वेस्ट स्ट्रीटचा असेल तर त्याच्या नंतरचा. एवढं होईपर्यंत दुसऱ्याच्या चहाचं थंड पाणी झालेलं असतं, आणि खिशातला स्क्रूड्रायव्हर बाहेर आलेला असतो.

"उघडू का?" हा प्रश्न नसतो, सूचना असते. एका बाजूचे सहा स्क्रू निघतात आणि पुठ्ठ्याच्या एका तुकड्यावर पाडलेल्या सहा भोकांत ओळीनं बसतात, कारण प्रत्येक स्क्रू परत आपल्याच भोकात गेला पाहिजे. (या पुठ्ठ्यावर शास्त्र्याचा स्वतःच्या पासपोर्टपेक्षा जास्त जीव असतो.) आत भात्याच्या चौकटीवर, रीडच्या पाटावर, बटणांच्या पाटीवर नंबर ठोकलेले असतात. ते सगळे एकमेकांशी आणि बाहेरच्या नंबराशी जुळले पाहिजेत. पत्रिका जुळवणारे आपले गुरुजी छत्तिसापैकी अठरा गुणांवर लग्न उरकून देतात. शास्त्री तेवढा उदार नाही. एक पाट दुसऱ्या वाद्याचा निघाला, की तो डोळे मिटतो आणि मालकाच्या खांद्यावर हात ठेवतो.

घराण्यातल्या आख्यायिका हे त्याचं आवडतं भक्ष्य. एक बाई पिशवीतून आजीच्या माळ्यावरची कॉन्सर्टिना काढतात आणि अभिमानानं सांगतात, "आमच्या पूर्वजांनी ही वॉटर्लूच्या लढाईत वाजवली होती." शास्त्री अतिशय अदबीनं विचारतो, "वॉटर्लू 1815 सालचं, नाही का? तेव्हा व्हीटस्टन तेरा वर्षांचे होते. पहिलं पेटंट 1829 चं. म्हणजे तुमचे पूर्वज काळाच्या फारच पुढं होते." बाई पुन्हा त्या पबात फिरकत नाहीत.

व्हीटस्टन कंपनीच्या वह्या मात्र शिल्लक आहेत. फ्रेडरिक हॉर्निमन या चहाच्या व्यापाऱ्यानं दक्षिण लंडनमध्ये जे संग्रहालय उभारलं, त्यात कॉन्सर्टिनांच्या भल्यामोठ्या संग्रहाबरोबर त्या सांभाळून ठेवल्या आहेत. कोणत्या नंबराचं वाद्य कुठल्या तारखेला कुणाला विकलं, ते शाईत नोंदलेलं. या वह्या संगणकावर आणण्याच्या कामात रॉबर्ट गॅस्किन्स यांचा मोठा वाटा होता. हे तेच गॅस्किन्स, ज्यांच्या पॉवरपॉइंटमुळं जगभरच्या कचेऱ्यांत माणसं बसल्या जागी झोपतात. त्यांचं हे दुसरं पुण्यकर्म पहिल्याचं पाप धुऊन काढायला पुरेसं आहे, असं माझं मत.

वह्या आहेत म्हटल्यावर शास्त्र्याचं काम सोपं झालं असेल, असं वाटतं. पण एकच नंबर वहीत दोनदा, तीनदा येतो. वाद्य विकलं, परत आलं, पुन्हा दुसऱ्याला दिलं. कधी आधीचा नंबर नंतर विकला गेला. मग वाद्याचा जन्म कोणत्या तारखेचा मानायचा? अशी नोंद सापडली, की शास्त्री सुखानं दुसरा ग्लास मागवतो.

त्याची खरी भक्ती लाशनालवर. वाद्यं अफाट निघाली, रीडच्या चित्राचं व्यापारचिन्ह ठसठशीत, पण कंपनीच्या वह्या उरलेल्या नाहीत. त्यात इंग्लिश पद्धतीच्या वाद्यांची नंबरमाला वेगळी आणि अँग्लो पद्धतीच्यांची वेगळी. म्हणजे साल काढायचं ते अंदाजानं, आणि अंदाज म्हटला की वाद आला. दोन शास्त्री समोरासमोर बसून एका लाशनालवरून पाच वर्षं इकडं की पाच वर्षं तिकडं असं भांडतात, तेव्हा त्या टेबलावर मिठाची बाटली मागायचीसुद्धा सोय नसते.

परवा एका तरुण मुलीची व्हीटस्टन त्याच्या हाती आली. बाहेरचा नंबर स्वच्छ. आत उघडली, सगळे नंबर जुळले. फोनवर वहीचं पान काढलं, तर नोंद एकच. तारीख, वार, गिऱ्हाइकाचं नाव, किंमत, सगळं जागच्या जागी. मुलगी आनंदानं उडालीच. शास्त्र्याचा चेहरा मात्र पडला. स्क्रू बसवता बसवता तो पुटपुटला, "हं. बरोबर आहे सगळं," आणि त्यानं वाद्य परत दिलं. तिनं लगेच एक नाच वाजवायला घेतला. अख्खी खोली पायानं ताल धरू लागली. शास्त्री खिडकीबाहेरच्या पावसाकडं बघत होता.

तेवढ्यात पलीकडच्या बाकावर एका आयरिश म्हाताऱ्यानं पेटीचं झाकण उघडलं. धातूच्या जाळीवर 'सी. जेफ्रीज, मेकर' एवढाच ठसा. चार्ल्स जेफ्रीजची वाद्यं सोन्याच्या मोलानं विकली जातात, आणि त्यानं ती नंबर न घालताच विकली. पत्ता, ठशाची अक्षरं, जाळीचं नक्षीकाम, एवढ्यावरच सगळा तर्क. त्यातही ठसा खरा की मागाहून कुणी मारलेला, हा प्रश्न वेगळाच.

शास्त्र्याच्या गालांवर रंग आला. ग्लास उचलून तो उठला, वाटेत दोघांच्या पायांवर पाय दिला, आणि म्हाताऱ्याशेजारी बसत म्हणाला, "हिला नंबर नाही ना? फार उत्तम. तुम्हाला घरी जायची घाई तर नाही?"