४ ओहमची सोयरीक

लोहाऱ्यात सोयरीक जुळवताना छत्तीस गुण बघतात, गाडीत सबवूफर बसवताना एकही नाही. पुतण्याने ४-४ ओहमचे दोन वूफर ब्रिज केलेल्या अँपला पॅरललमध्ये जोडले. भार उरला २ ओहम. अँपच्या पाठीवर तर ठळक छापलेलं, ब्रिज केल्यास किमान ४. "काही होत नाही ना काका, आवाज डबल येते!" आला खरा. अर्ध्या गाण्यापर्यंत डिकी, नंबरप्लेट आणि शेजाऱ्यांच्या खिडक्या थरथरल्या. मग लाल दिवा, आणि अँप तव्यासारखा तापून गप्प. सिरीजमध्ये ८ ओहम झाले असते. आवाज कमी, अँप शाबूत. पण कमी आवाजाची गाडी यवतमाळात न्यायची कशाला? २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागाला दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे. ती आमच्या गल्लीत प्रथमच पाळली गेली, अँपकडून.